पोळ्यानंतरचे ब्रेक

वासुदेवरावांच्या फियाटचे ब्रेक दरवर्षी पोळा उलटला की मऊ पडत. कारंज्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोळा श्रावणी अमावास्येला येतो, पुढे काही दिवसांत वासुदेवरावांची गाडी नत्थूजी मिस्त्रींच्या दारात येते, आणि नत्थूजी बॉनेट उघडण्याआधीच "हवा" म्हणतात, हा क्रम लोकांनी ऋतूंसारखा मान्य केला होता. असं का होतं, हे कोणी विचारत नसे. जे दरवर्षी होतं त्याचं कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. एखाद्या वर्षी झालं नाही, तर मात्र विचारतात.

वासुदेवरावांचं हायवेवर कृषी केंद्र होतं, घरची विजेवरची तेलघाणी होती आणि गावाबाहेर संत्र्याची बाग होती. त्यांच्या अंगात दोन गुण होते. दिलेला शब्द ते पाळत, आणि शब्द फार लवकर देत. यातला कोणताही एकच गुण असता तर त्यांचं आयुष्य सुखात गेलं असतं.

१९९७ साली त्यांनी वडिलांना असाच एक शब्द दिला. वडील म्हणजे अण्णाजी. घरी बैलजोडी होती, पण गडी मिळत नव्हता आणि नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येऊ लागला होता. बैल दिवसभर उभ्याउभ्या कडबा खात आणि अण्णाजी गोठ्यात खाट टाकून त्यांच्याशी बोलत. वासुदेवरावांना जोडी विकून जुनी का होईना, गाडी घ्यायची होती. अण्णाजींची हरकत एकाच मुद्द्यावर होती. त्यांची थोरली बहीण अनुसयाबाई तळेगावला दिलेली. दर भाऊबीजेला अण्णाजी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून तिच्याकडे जात. अंतर फार नाही, पण मध्ये घाट. त्या घाटात मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत, शिव्या देत, आणि अण्णाजी कासरा आवळून आपल्या चालीने उतरत. वर्षातला हा एक दिवस त्यांच्या मालकीचा होता.

"बैल इकले तं बीजेले मी कायनं जाऊ?" त्यांनी विचारलं.

"मी नेतो ना. आपल्या गाडीत."

"एक साल नेशीन. मंग?"

"दरसाल नेतो, बाबा."

अण्णाजी थोडा वेळ बैलांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "दरसाल म्हनलं बरं तू," एवढं बोलून त्यांनी दावं सोडून दिलं.

त्या वर्षीची बीज दमणीतच झाली. दिवाळीनंतर बैल गेले, आणि आर्वीच्या एका डॉक्टरांची पांढरी फियाट आली. घरात छप्पर असलेली मोकळी जागा एकच होती, त्यामुळे गाडी गोठ्यात उभी राहू लागली. गव्हाणीकडे तोंड करून. अण्णाजींची खाट होती तिथेच राहिली. ते गाडीशी बोलत नसत, पण तिच्याकडे पाहत बसत. वासुदेवरावांची बायको आनंदाबाई म्हणे, "मामाजीले सवय व्हऊन राह्यली." सवय नक्की कोणाला कोणाची होत होती, हे त्या वेळी सांगणं कठीण होतं.

पहिल्याच भाऊबीजेला सगळे निघाले. पुढे अण्णाजी, मागे आनंदाबाई आणि फराळाचा डबा. घाटाच्या पहिल्या वळणाआधी वासुदेवरावांनी ब्रेक दाबला आणि पॅडल लोण्यात सुरी जावी तसं फळीपर्यंत गेलं. हँडब्रेक, गिअर आणि रस्त्याकडेचा गिट्टीचा ढीग या तिघांनी मिळून गाडी थांबवली. फराळाच्या डब्याला पोचा आला आणि ती बीज तिथेच बुडाली. अण्णाजी घरंगळलेली काठी शोधत राहिले. आनंदाबाई बोलल्या.

"मी आता या गाडीत तवाच बसन जवा मी सोता ते पायटं दाबून पाहीन."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"तुमाले समजते म्हून तं आपन गिट्टीत हावो."

गाडी नत्थूजींकडे गेली, त्यांनी हवा काढली. पुढच्या वर्षी पोळ्यानंतर ब्रेक पुन्हा मऊ झाले. नत्थूजींनी परत हवा काढली. चार दिवस बरं वाटलं, मग बाजाराच्या दिवशी गाडी एका केळीच्या हातगाडीला हळूच टेकली. भाऊबीज बुडाली. त्याच्या पुढच्या वर्षी नत्थूजींनी पुन्हा हवा काढली आणि भाऊबीज पुन्हा बुडाली. पोळा पावसाळ्यात येतो आणि पावसाळ्यात हवा दमट असते, असा नत्थूजींचा सिद्धांत होता. दमट हवा पाइपात कशी शिरते हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि कोरडी हवा बाहेर का थांबते हेही नाही.

आता कोणी म्हणेल, भाड्याची जीप करावी, नाहीतर उन्हाळ्यात जावं, तेव्हा ब्रेक ठीक असतात. वासुदेवरावांनी दोन्ही सुचवून पाहिलं. जीपचं नाव काढल्यावर अण्णाजी म्हणाले, "घरी गाडी असून भाड्याच्या गाडीत बह्यनीच्या दारात उतरू?" एसटी तर कमरेमुळे बंदच झाली होती. आणि उन्हाळ्याबद्दल त्यांचं मत असं की भावाने बीजेलाच जावं. भलत्या दिवशी गेलं तर लोक विचारतात, काय झालं म्हणून.

तिकडे तळेगावला अनुसयाबाईंचे डोळे जात चालले होते. तिसरी भाऊबीज बुडाली तेव्हा संत्र्याच्या गाडीवरच्या माणसाबरोबर त्यांचा निरोप आला. "अन्नाले सांगजो, पाट मांडला व्हता." एवढाच. वासुदेवराव दुकानात होते. त्यांनी निरोप ऐकला, गिऱ्हाइकाला युरियाऐवजी पोटॅश दिलं आणि घरी आले.

२००१ साली पोळ्यानंतर पॅडल पुन्हा खाली जाऊ लागलं, तेव्हा वासुदेवराव नत्थूजींकडे गेले ते फक्त पाने-पकड मागायला.

"यंदा मीच करतो, नत्थूजी."

"करा ना, भाऊ. ब्रेकच तं हायेत," नत्थूजी म्हणाले. "फक्त करून झाल्यावर पयले कोनाले बसवसान, ते आदी ठरवून ठेवा."

दसरा झाल्यावर त्यांनी दुकान माणसावर सोपवलं. हा रब्बीच्या बियाण्याचा हंगाम. या दिवसांत दुकान सोडणारा दुकानदार एकतर आजारी असतो नाहीतर घरात लग्न असतं. वासुदेवरावांनी लोकांना दोन्हीपैकी हवं ते समजू दिलं. गोठ्यात गाडीखाली दगड लावले, चाकं काढून भिंतीला टेकवली आणि ते सतरंजीवर आडवे झाले. कंपाउंडरकडून सलाइनची नळी आणली होती, तिचं एक टोक चाकामागच्या छोट्या निपलला लावलं, दुसरं काचेच्या बाटलीत सोडलं. पॅडल दाबून धरायचं, निपल सैल करायचं, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून निघतात, निपल आवळायचं, मग पॅडल सोडायचं. या कामाला दोन माणसं लागतात आणि त्यांनी एकमेकांचं ऐकावं लागतं. म्हणजे नवराबायकोने करू नये असंच हे काम, पण घरात तिसरं होतं कोण? अण्णाजी खाटेवर होते, पण त्यांची कंबर पॅडलच्या कामाची नव्हती.

आनंदाबाई पदर खोचून स्टिअरिंगमागे बसल्या.

"दाब," गाडीखालून आवाज आला.

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलं. गॅसवर दूध ठेवून आलती मी."

"सोडू नको, सोडू नको."

"सोडलं कुठी? सांगून राह्यली दूध हाये म्हून."

"हां, सोड आता."

"तुमी सोड म्हनता का सोडू नको म्हनता, त्या चाकाखालून काई समजत नाई."

दूध ऊतू गेलं. पण चारही चाकं झाली. संध्याकाळपर्यंत बाटलीत काळपट तेल जमा झालं. वासुदेवराव गाडीखालून निघाले, अंगावरची धूळ झटकत म्हणाले, "एक गोष्ट पायली तू?"

"मले तं फक्त तुमचे पाय दिसत व्हते."

"बुडबुडा निंगाला नाई. एकबी नाई. हवा नाईच हाये याच्यात."

तीन वर्षं नत्थूजींनी जी हवा काढली होती, ती कधी नव्हतीच. वासुदेवरावांना राग आला नाही. उलट बरं वाटलं. शत्रू कोण नाही एवढं तरी कळलं. त्यांनी बाटली गव्हाणीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी अमरावतीला गेले.

अमरावतीत सुट्या भागांच्या दुकानात मोतीलालजी नावाचे वयस्कर गृहस्थ गल्ल्यावर बसत. वासुदेवरावांनी तीन वर्षांची हकीकत सुरू केली, पोळ्यापासून. मोतीलालजींनी हात वर केला.

"भाऊसाहेब, पोला छोडो. ये बताओ, पॅडल दोन-चार बार मारा तो ऊपर आता है क्या?"

"येते."

"और पाव रखके बैठे रहे तो?"

"मंग हळूहळू खाली जाते."

"तो हवा नहीं है. मास्टर सिलिंडरका रबर गया. दाब टिकताच नहीं अंदर." त्यांनी रबर किट काढून काउंटरवर ठेवलं, मग थांबून विचारलं, "हर साल जाता है?"

"दरसाल."

"रबर हर साल नहीं जाता. कोई भेजता है तब जाता है."

वासुदेवरावांनी चारही चाकांची रबरंही घेतली, ब्रेक ऑइलचे सीलबंद डबे घेतले, आणि परतीच्या एसटीत एकच विचार केला: भेसळ. ते स्वतः बियाणं आणि औषधं विकत. ज्या धंद्यात आयुष्य गेलं त्या धंद्यातला आजार माणसाला सगळीकडे दिसतो. घाटात एसटी चढता चढता त्यांनी मनातल्या मनात ब्रेक ऑइल विकणाऱ्या साऱ्या दुकानदारांवर ग्राहक मंचात केस टाकली होती, आणि कारंजा येईपर्यंत ते जिंकलेही होते.

घरी आले तर आनंदाबाई गोठ्यात उभ्या. हातात कालची बाटली.

"हे पाहा बरं," त्या म्हणाल्या.

बाटलीतलं तेल रात्रीतून दुभंगलं होतं. खाली काळपट थर, वर पिवळसर, दाट. मध्ये रेघ ओढल्यासारखी सरळ.

"म्या म्हनलंच होतं! भेसळ हाये."

"वास घ्या."

वासुदेवरावांनी वास घेतला. हा वास त्यांनी आयुष्यभर घेतला होता. भाकरीबरोबरच्या चटणीवर, लहानपणी सुजलेल्या गुडघ्यावर, थंडीत फुटलेल्या टाचांवर. जवसाचं तेल.

"भेसळवाला जवसाचं तेल टाकीन काय?" आनंदाबाई म्हणाल्या. "त्याले ते महाग पडते. आपल्याच घानीचं हाये हे. दर पोयाले माहा डबा अर्धा व्हते, मले वाटे उंदरं सांडवत असन."

दोघांनी एकदमच खाटेकडे पाहिलं. अण्णाजी टोपीने तोंड झाकून पडले होते. झोपलेला माणूस टोपी इतकी घट्ट धरत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला तूप-हळद, तेल चोळायचं, उद्याचं आवतण द्यायचं. बैल गेले तरी अण्णाजींनी ती संध्याकाळ सोडली नव्हती. ते फियाटच्या बॉनेटला तूप-हळद लावत, हे सगळं घर पाहत असे आणि मनात हसत असे. बॉनेटखाली काय चालतं ते कोणी पाहिलं नव्हतं.

"मामाजी," आनंदाबाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं, जणू मीठ कुठे ठेवलं ते विचारत आहेत, "यंदा खांदशेकनीले जवसाचं तेल घेतलतं का तुमी?"

टोपीआडून उत्तर आलं. "घेतलतं."

"कोनाच्या खांद्याले लावलं?"

अण्णाजी उठून बसले. लपवाछपवी त्यांना जमत नव्हती आणि करायचीही नव्हती. "तिच्या," ते गाडीकडे बोट दाखवून म्हणाले. "वरून हयद लावली तं ते वरवरचं झालं. तिचं दुखनं अंदर. नत्थूनंच मले दाखवलतं, गाडी आनली तवा. म्हने, अन्नाजी, या भांड्यातलं तेल सपलं का गाडी थांबत नाई. मंग मी काय करत जाऊ? दर पोयाले पायतो, कमी दिसलं का भरतो. दिवायीले घाट उतराचा अस्ते. बीजेले जाचं अस्ते."

शेजारच्या घरी रेडिओवर बाजारभाव चालू होते. कापसाचे भाव संपून तुरीचे सुरू झाले, तेव्हा वासुदेवराव खाटेशी जाऊन बसले.

"बाबा, ते तेल अलग राह्यते. जवसाच्या तेलानं रबर फुगते. मंग ब्रेक लागत नाई."

"म्हंजे माह्यानं?"

वासुदेवरावांना खोटं बोलता आलं असतं. तीन वर्षं नत्थूजींनी हवेचं खोटं चालवलं होतं, अजून एक वर्ष चाललं असतं. पण खोटं बोललं तर पुढच्या पोळ्याला पुन्हा तेल पडणार, हे त्यांना दिसत होतं.

"हो," ते म्हणाले.

अण्णाजींनी मान हलवली, काठी घेतली आणि ओसरीवर गेले. थोड्या वेळाने येऊन खाटही ओढत घेऊन गेले. चार वर्षांत प्रथमच गाडी गोठ्यात एकटी राहिली.

वासुदेवरावांनी मास्टर सिलिंडर खोलला. आतली रबरं भिजलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगली होती, बोटाला चिकटत होती. जवसाचं तेल वाळलं की त्याचा डिंक होतो, तो सिलिंडरच्या आतून वार्निशसारखा बसला होता. घाणी चालवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी सगळं काढलं. चारही चाकांची रबरं, लवचीक नळ्या, जे जे त्या तेलाला लागलं ते सगळं. रॉकेलने धुवायचा मोह प्रत्येकाला होतो. रॉकेलनेही रबर फुगतं, हे मोतीलालजींनी दोनदा सांगितलं होतं. स्पिरिटने धुतलं, लोखंडी पाइपांतून स्पिरिट सोडलं, ते निघताना स्वच्छ दिसेपर्यंत सोडलं, आणि स्वच्छ झाल्यावर आणखी सोडलं. एकदा सगळं जोडून झाल्यावर एका नटाला पाझर दिसला, म्हणून पुन्हा सगळं उतरवलं. आनंदाबाई जेवायला हाक मारत आणि ते "आलो" म्हणत. हे "आलो" कोणत्या जेवणाचं, हे घरात कोणाला सांगता आलं नसतं.

गल्लीतले लोक येऊन पाहून जात. "दिवाळीपर्यंत होते का?" विचारत. वासुदेवराव गाडीखालूनच म्हणत, "यंदा होते." तीन वर्षांत ते "पाहू" म्हणत आले होते. फरक लोकांच्या लक्षात आला.

मग पुन्हा दाब-धर-सोड. या वेळी बुडबुडे निघाले, कारण पाइप खरोखर रिकामे होते. ते संपेपर्यंत दोघं थांबले नाहीत. शेवटी आनंदाबाईंनी पाय पॅडलवर ठेवला आणि काढलाच नाही. त्यांनी भाजी निवडायची परात मागवली, पाय तसाच ठेवून सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अख्खी जुडी निवडली. पॅडल जिथे होतं तिथेच.

"नाई गेलं खाली," त्या म्हणाल्या. घरात इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला दिलेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र होतं.

अडचण आता ब्रेकची नव्हती. अडचण ओसरीवर बसली होती.

"मी येत नाई," अण्णाजी म्हणाले. "जे माह्या हातानं बिघडलं त्याच्यात मी कोन्या तोंडानं बसू? तुमी जा. तिले सांगजा, अन्नाची कंबर दुखते."

"शब्द म्या तुमाले देल्ला होता. आत्याले नाई."

"मंग मी सोडला तुले शब्दातून."

"असा सुटत नाई तो," वासुदेवराव म्हणाले. "बैल तं इकले ना आपन?"

अण्णाजी गाडीकडे न पाहता म्हणाले, "खांदा कोनता हाये मंग तिचा? का तिले खांदाच नाई? ज्याले खांदा नाई ते जनावर कायचं?"

वासुदेवरावांनी त्यांना हाताला धरून गोठ्यात आणलं. पुढचं चाक अजून उतरवलेलंच होतं. चाक जिथे वळतं, सगळा भार जिथे टेकतो, तिथे एक छोटं टोपीसारखं निपल असतं. त्यातून ग्रीस भरतात. भरलं नाही तर वळताना तो सांधा कुरकुरतो आणि झिजतो.

"हे पाहा. इथं भार येते. इथं वंगण लागते. दोन्ही बाजूनं."

अण्णाजींनी खाली वाकता येईल तेवढं वाकून बोट लावलं. "इथं कोरडं पडलं हाये," ते जरा रागानेच म्हणाले. "वर्षभर कोनी पायलं नाई काय?"

"नाई."

"खोलत बसले नुसते." त्यांनी ग्रीस गन हातात घेतली. दांडा कसा दाबायचा ते दाखवावं लागलं नाही. जुनं काळं ग्रीस निघून नवं पिवळं दिसेपर्यंत ते दाबत राहिले, मग दुसऱ्या बाजूला गेले. संध्याकाळी खाट गोठ्यात परत आली.

तरी लगेच होकार मिळाला नाही. नवा गोऱ्हा आधी रिकाम्या गाडीला लावतात, मग माणूस बसवतात. अण्णाजी म्हणाले, आधी रिकामी फेरी करून ये घाटातून.

"रिकामी म्हंजे मी धरून का मले सोडून?" आनंदाबाईंनी विचारलं.

"तू बस," अण्णाजी म्हणाले. "तुले तं बैलबी भीत असन."

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी नवराबायको घाट उतरून, वळून, चढून आले. आल्यावर आनंदाबाईंनी सासऱ्यांना एवढंच सांगितलं, "मामाजी, डबा यंदा माह्या मांडीवर राहीन, पोचा येनार नाई."

भाऊबीजेला सकाळीच निघाले. अण्णाजी पुढे, धोतर-टोपी, मांडीवर काठी. घाटाच्या माथ्यावर वासुदेवरावांनी गिअर उतरवला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणापलीकडे एक संत्र्याचा ट्रक टायर फुटून रस्त्यात आडवा उभा होता, आणि क्लीनर हातात फांदी घेऊन ती हलवायची की नाही, याचा विचार करत होता. वासुदेवरावांनी ब्रेक दाबला. पाय अर्ध्यातच अडला, जसा अडायला हवा तसा, आणि गाडी ट्रकच्या बरीच अलीकडे थांबली. शेजारी अण्णाजींनी दोन्ही पाय पुढच्या पत्र्याला टेकवले होते आणि दोन्ही मुठी छातीशी आवळल्या होत्या, कासरा ओढल्यासारख्या.

त्यांनी मुठी सोडल्या. "थांबली," ते म्हणाले.

"थांबली," वासुदेवराव म्हणाले.

"सोड मंग आता. मांग हॉर्न वाजून राह्यले."

तळेगावला गाडी दारात लागली तेव्हा अनुसयाबाई अंगणातच होत्या. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ती नातसुनेने काढली असावी, कारण रेघा सरळ होत्या. अनुसयाबाईंना आता माणसं सावल्यांसारखी दिसत. त्यांनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला, टोपीपर्यंत, आणि हात तिथेच ठेवला.

"तीन बीजा कुठी होता रे, अन्ना?"

वासुदेवरावांनी उत्तर जुळवायला सुरुवात केली. पावसाळा, रबर, अमरावती, असं काहीतरी ते सांगणार होते. अण्णाजींनी हाताने त्यांना थांबवलं.

"गाडीचे ब्रेक खराब होते," ते बहिणीला म्हणाले.

"मंग चांगले कोनं केले?"

"यानं आन् सूनबाईनं."

"आन् खराब कोनं केलते?"

अण्णाजी काठी टेकत पाटावर बसले. टोपी सरळ केली.

"म्याच," ते म्हणाले. "ओवाय आता. वात इझून राह्यली."